लासुर्ण्याच्या रस्त्यावर बंद पडलेला फ्रिज

त्या दुपारी मी देवावर खरोखरच चिडले होते. असे अनुभव सांगणारी माणसं बहुतेक वेळा आपली श्रद्धा किती अढळ होती तिथून सुरुवात करतात. माझं तसं नव्हतं. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, लासुर्ण्याच्या थोडं अलीकडे, आमची गाडी उभी होती. गाडीतल्या फरशीवर पाणीच पाणी झालं होतं, आणि प्यायला एका बाटलीच्या तळाशी उरलेले चार घोट. अशा वेळी नामस्मरण सुचत नाही. मला तरी सुचलं नाही.

ही गाडी म्हणजे आमच्या यांचं निवृत्तीनंतरचं स्वप्न. जुनी मोटरहोम, म्हणजे आत पलंग, ओटा, छोटी मोरी, फ्रिज असं सगळं बसवलेलं चाकांवरचं घर. होळी झाल्यावर नाशिकहून निघालो ते कोकण, गोवा, विजापूर करत महाराष्ट्रात परत आलो होतो. बरोबर माझ्या सासूबाई. त्यांना सकाळी आणि दुपारी जेवणाआधी इन्सुलिन लागतं. त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, आणि आमचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह. "मरायच्या आधी एकदा त्येचं तोंड बघू दे," हा त्यांचा धोशा, म्हणून प्रवासाचा शेवट तिथे करायचा ठरलं होतं.

लोकांना वाटतं, काय मजा! मजा कसली, दिवसभर पाणी आणि बॅटरी यांचीच चाकरी. टाकी भरायला गावोगाव नळ शोधा, भांडी फवाऱ्याच्या बाटलीनं धुवा, आंघोळ दोन तांब्यांत उरका. गाडी उन्हात लावली तर छतावरच्या सोलर पॅनेलला ऊन मिळतं, पण आत भट्टी होते आणि फ्रिज दुप्पट बॅटरी खातो. सावलीत लावली तर आम्ही गार आणि बॅटरी उपाशी. यावर यांचे नियम. पंपाचं बटण बंद करा. फ्रिज उगाच उघडू नका. मी दुधाला हात लावला तरी पुढच्या सीटवरून आवाज यायचा, "अगं, गार हवा जाते!" इतक्या दिवसांत मी दूध काढायलासुद्धा चोरासारखी जात होते.

आदल्या रात्री बारामतीत एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबून टाकी काठोकाठ भरून घेतली होती. ओट्याखालचा पाण्याचा पाइप तेव्हापासूनच जोडाजवळ झिरपत असणार. पाणी हळूहळू शेजारच्या विजेच्या पेटीत उतरलं आणि फ्रिजचा फ्यूज गेला. आम्हाला पत्ताच नाही, कारण नियमाप्रमाणे फ्रिज कुणी उघडलाच नव्हता. सकाळचं इन्सुलिन बाहेर ठेवलेल्या चालू पेनातलं दिलं आणि ते पेन संपलं. दुपारी गाडी एका गतिरोधकावर आदळली, तो जोड पूर्ण निखळला आणि बंद करायचा राहिलेला पंप टाकीतलं सगळं पाणी गाडीतच ओतू लागला. आम्ही तिघं पुढे बसलेलो. पाणी सीटखालून पायाशी आलं तेव्हा कळलं. पाठोपाठ जळका वास. यांनी गाडी बाजूला घेऊन होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. पुन्हा चालू करायची हिंमत होईना. ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो.

मी मागे जाऊन फ्रिज उघडला. लोण्याचं तूप झालेलं, दही फसफसलेलं, आणि इन्सुलिनची नवी पेनं हाताला चक्क कोमट लागत होती. बाहेर मे महिन्याचं ऊन. सासूबाईंकडे पाहिलं तर त्यांची मान कलली होती. कपाळावर दरदरून घाम. हाक मारली तर काहीतरी पुटपुटल्या, नीट कळलं नाही. साखर तपासायचं यंत्र ओट्याखालच्या खणात होतं. ते पाण्यात पोहत होतं.

मला वाटलं, दुपारच्या इन्सुलिनची वेळ टळली, म्हणून साखर चढली. मी कोमट पेनाला सुई लावली.

"देऊ नकोस ते," हे म्हणाले. "तापलंय. त्यात काय राहिलं असेल कुणास ठाऊक."

"मग काय नुसतं बघत बसू? फ्रिज उघडू नका, फ्रिज उघडू नका! वेळेत उघडला असता तर कळलं नसतं का?"

भर रस्त्यात आमचं चांगलंच वाजलं. सुई लावलेलं पेन माझ्या हातात तसंच. मनात मी देवालाही सोडलं नाही. म्हटलं, तुझ्याच दारी येतोय, तुझ्याच म्हातारीला घेऊन. खांब फोडून येणाऱ्याला एक फ्रिज चालू ठेवता येत नाही? ही भाषा शोभत नाही हे कळत होतं, पण तोंडातून निघाली ती हीच प्रार्थना.

तेवढ्यात एक स्कूटर पुढे जाऊन परत वळून आली. पस्तिशीच्या एक बाई होत्या. पायाशी निळा बर्फाचा डबा, खांद्याला बॅग. "काय झालं, काकू? गाडीतनं पाणी गळतंय तुमच्या." मी सांगू लागले, पण त्या ऐकता ऐकताच आत चढल्या. सासूबाईंचा हात हातात घेतला, डब्यातून बर्फाची पिशवी काढून त्यांच्या मानेवर ठेवली.

"मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणून माणसांचं औषध सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण साखर बघितल्याशिवाय सुई टोचू नका. घर इथं मागंच आहे. तात्यांना पण शुगर आहे, मशीन आहे घरात. आजींना घेऊन चला." त्यांनी फोन केला आणि बघता बघता त्यांचा भाऊ चारचाकी घेऊन आला. सासूबाईंना दोघांनी उचलून चारचाकीत बसवलं.

घर उसाच्या रानातच होतं. ओसरीत गार वारा, समोरच्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती. डॉक्टरांचे वडील, म्हणजे तात्या, वालचंदनगरला नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी काही न विचारता यंत्र काढलं, सासूबाईंच्या बोटाला टोचलं आणि आकडा बघून एकदम माझ्याकडे वळले.

"साकर चढल्याली न्हाय, बाई. पार तळाला गेलीया. जेवल्यात का ह्या?"

"सकाळी पोहे खाल्ले की!" मी म्हणाले.

तात्यांच्या बायकोनं तोवर गुळाचं पाणी केलं होतं. सासूबाईंना गिळता येत होतं, म्हणून मी चमच्याचमच्यानं पाजत राहिले. डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या माणसांच्या डॉक्टरला फोन लावून ठेवला. ते एकेक सांगत होते तसं आम्ही करत होतो. ती थोडी मिनिटं कशी गेली ते मला लिहिता येणार नाही. मग सासूबाईंनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये कुणाचं घर म्हनायचं?"

तात्या हसले. "तुमचंच हाय, आक्का. आदी सांगा, सकाळी काय खाल्लंत?"

सासूबाईंनी माझी नजर टाळली. "देवाला चाललोय. तोंड बघितल्याबिगर खायाचं कसं? पोहं टाकलं पाखरांना."

म्हणजे सकाळी इन्सुलिन घेऊन ही बाई कडक उपाशी! मला ओरडावंसं वाटलं. पण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ते पेन आलं. फ्रिज चालू असता, तर पेन गार असतं. पेन गार असतं, तर हे मला अडवते ना. मी वेळेवर, नियमानं, अगदी काळजीनं दुसरी सुई टोचली असती. आणि मग सासूबाईंचे डोळे उघडले असते की नाही, कोण जाणे. मी भिंतीला टेकून खाली बसले. ज्या गोष्टीसाठी मी देवाला बोल लावत होते, तिनंच माझा हात धरला होता. हे माझं मला वाटलं ते लिहिते. कुणाला पटवायचं नाही.

डॉक्टर पुन्हा स्कूटरकडे निघाल्या, तेव्हा मी त्यांचे हात धरले. "तुम्हाला देवानंच पाठवलं हो."

त्या मोकळ्या हसल्या. "मला कुणी पाठवलं नाही, काकू. वरच्या वस्तीवर गाय विणार होती, म्हणून या रस्त्यानं आले. उशीर झाला असता तर गेले असते तशीच पुढं."

तात्या म्हणाले, "तुमचा देव तुमी माना. आमी नवस बोलत न्हाय. पन तहानल्याला मानूस दारात आला तर इचारत बसत न्हाय." मला त्यात कुठेच विरोध दिसला नाही. संध्याकाळी मेकॅनिकनं येऊन जोड बसवला, पेटी सुकवली. मग गाडी त्यांच्या अंगणात आणली, त्यांच्याच विहिरीचं पाणी टाकीत भरलं, आणि ती रात्र आम्ही तिथंच काढली.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात नवं इन्सुलिन घेतलं आणि नरसिंहपूरला पोहोचलो. देवळाबाहेर गाडी लावून मी सासूबाईंपुढे उपम्याची ताटली धरली. "खा. मी बघत बसणार आहे." त्यांनी पुटपुटत, मान फिरवत, पण शेवटचा घास संपेपर्यंत खाल्लं. मग त्यांना धरून आत नेलं. मूर्तीसमोर त्या कितीतरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

मीही हात जोडले. सवयीनं सुरू झाले, यांचं असं कर, मुलांचं तसं कर, परतीचा प्रवास नीट होऊ दे. दोन वाक्यं झाली आणि अडखळले. काय नीट आणि काय वाईट, हे मला त्या रस्त्यावर कुठे कळलं होतं? माझ्या अकलेनं मी जे मागत होते, ते मिळालं असतं तर आज ही म्हातारी माझ्या शेजारी उभी नसती. लोक समर्पण म्हणतात ते फार शांत, तेजस्वी काहीतरी असेल असं मला वाटायचं. माझं तसं झालं नाही. पायांना प्रवासाची सूज होती, घामानं पाठ चिकटली होती. मी त्या लालसर, उग्र, प्रेमळ मुखाकडे पाहिलं आणि म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. तेही, खरं सांगायचं तर, जरा चिडूनच.