डफाचा घुमारा

वाशीमला माझा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता, तेव्हाची ही गोष्ट. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं होतं, खेड्यांत वीज नव्हती, यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. त्या यंत्राने मी एका माणसावर सूड उगवला, आणि तो मला गोड लागला. हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील शाहिरी फडात डफ वाजवत. आमच्याकडे कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष समोरासमोर बसून सवाल-जवाब गातात. ज्याचा डफ दमदार, त्याचं पारडं तिथंच जड. वडील कलगीचे. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एकाने भर बैठकीत त्यांच्या हातातून डफ काढून घेतला.

"बुढा डफ वाजवून राह्यला का गोवऱ्या थापून राह्यला?"

लोक पोट धरून हसले. वडिलांनी पुन्हा डफाला हात लावला नाही. कुणी फडाचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जात.

पुढे अनसिंगला भर दुपारी सामना ठरला, कलगीचा डफ आता त्याच्याच हातात, आणि यंत्र माझं. वडिलांना मुद्दाम बैलगाडीत घालून नेलं. त्या माणसाची फजिती त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावी, एवढंच मला हवं होतं.

यंत्र एकच, पण आवाज दोन ठिकाणी जायचा: मंचावर गाणाऱ्यांसाठी लाकडी खोक्यातला स्पीकर, आणि लोकांसाठी लिंबावर बांधलेले पत्र्याचे भोंगे. खोक्यातून डफाचा घुमारा छातीत उतरतो. भोंग्यातून तो बाहेरच पडत नाही. तिथून जातो फक्त बोटांचा कडक ठोका. तो स्वच्छ गेला की घुमारा ऐकणाऱ्याचा कान आपणच भरून काढतो. म्हणून एरवी मी माइक डफाच्या कडेशी ठेवायचो, घुमारा कमी करायचो आणि मैदानाच्या टोकाला जाऊन ऐकून यायचो. मंचावर आवाज कोरडा वाटायचा. वाटू दे.

त्या दुपारी तुऱ्याचा आवाज मी असाच नीट लावला. कलगीची पाळी आली तसा माइक डफाच्या मागच्या पोकळीत सरकवला आणि आवाज जाड करायची चकती फिरवली. खोका दणाणला. तो खूश.

"वा रे भाऊ! आजून घुमव!"

"घुमवतो ना."

"आजून!"

मागेल तितकं दिलं. ठोका त्यात बुडून गेला. लिंबावर भोंगे नुसते खरखरत होते.

"काहून बे, डफ घरी इसरला का?" मैदानातून एकजण ओरडला.

"टिनाचा डबा आनला वाट्टे!" दुसरा.

तो आणखी त्वेषाने बडवू लागला. त्याला खोक्यातून सगळं ऐकू येत होतं. लोक का हसतात तेच कळेना. त्याचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. कलगी हरली.

परतताना गाडीत मी वडिलांना सगळं सांगितलं. शाबासकीची वाट पाहत होतो.

"म्हंजे हात बरोबर पडून राह्यला होता त्याचा?"

"हो, बाबा."

"तो हात म्या बसवला रे. लोक हासले तवा मले वाटलं, म्याच चुकीचं शिकवलं." मग म्हणाले, "जाय, सांग त्याले, हात बरोबर होता म्हून."

मी गेलो नाही. त्याने डफ सोडल्याचं कानावर आलं, तरी गेलो नाही. ऐकून बरंच वाटलं. एकदा शेतात न्याहारी करताना वडिलांनी विचारलं, "गेलता का त्याच्याकडं?"

"गेलतो."

"काय म्हने?"

"हासला," मी म्हणालो.

वडिलांनी समाधानाने मान हलवली आणि त्यांची अर्धी भाकर माझ्या पुढ्यात ठेवली.