काचेच्या हॉटेलासमोरची पंगत

रिसोडात आमच्या पेठेला एकेकाळी गर्दी असायची. मग बाहेरून नवा रस्ता झाला, बाजार तिकडे सरकला, जीपवालेही तिकडेच उभे राहू लागले. मागे राहिलो आम्ही. एक टेलर, एक बांगड्यांचं दुकान चालवणारी बाई, बंद पडलेली तेलाची गिरणी आणि गिरणीच्या पायऱ्यांशी माझी आलूबोंड्याची गाडी. नवरा गेल्यापासून मी त्याच जागी उभी आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण तेल कधी तापलं हे मला कोणाला विचारावं लागत नाही.

गिरणी एका जैन शेठची. एक दिवस तेच गाडीपाशी आले.

"बाई, इथं मोठ्या कंपनीचं हॉटेल येऊन राह्यलं. शहराशहरात आहे ना, तसंच. आता पेठ सुधरते."

"अन् माही गाडी?"

"ते मॅनेजर पाहतीन."

आपल्या जागेत मांस-अंडं शिजणार नाही, अशी अट शेठनी कंपनीला घातली होती. माझ्यासाठी एखादी अट घालायची मात्र त्यांना आठवण राहिली नाही.

गिरणीला काच बसली. मॅनेजर आला, तरणाताठा, भर उन्हात गळ्यात टाय. मला म्हणाला, "आजी, उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवसापासून गाडी इथे नको. आमचं दर्शनी रूप बिघडतं." त्याने दाखवलेली नवी जागा नाल्याच्या कडेला होती. तिकडे कुत्रीसुद्धा कामाशिवाय जात नाहीत. तिथे मी बोंडे कोणाला विकणार होते?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कंपनीने भोंगा लावून ऑटो फिरवला. "सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून आस्वाद घ्यावा." दारात मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या. आता आमच्याकडे मांडव, सतरंजी आणि भोंग्यावरून सहकुटुंब बोलावणं म्हणजे भंडारा. दुसरा अर्थच नाही. तो ऑटो कंपनीतल्या ज्या कोणी फिरवला असेल, त्याने आयुष्यात पंगत पाहिली नसावी.

सकाळी अकराला पेठ हजर झाली. जो तो घरून ताट आणि गिलास घेऊन आलेला. टेलर धोतर नेसून आला होता, इतर दिवशी पँट घालतो. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या आणि लोक तीन ओळी करून खाली बसले. ताटांभोवती पाणीसुद्धा फिरवून झालं.

टोपी घातलेल्या दोन पोरी ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये पावाचे बोटाएवढे तुकडे, प्रत्येकाला एक काडी टोचलेली. बांगडीवालीने तुकडा ताटात ठेवला, थोडी वाट पाहिली आणि विचारलं, "अन् भात कवा येईन, माय?"

पोरगी मॅनेजरकडे पाहू लागली. मॅनेजर ओळीत येऊन समजावू लागला की हे फक्त चवीपुरतं आहे, बाकीचं आत जाऊन विकत घ्यायचं. कोणी हललं नाही. टेलर म्हणाला, "साहेब, घाई नाही आमाले. बुंदी मागून आली तरी चालते."

शेवटी मॅनेजरने लोकांना उठवायला हात जोडले, तसे शेठ खुर्चीवरून उठून त्याच्या कानाशी गेले. पण शेठचा आवाज जन्मापासून मोठा. "पंगतीतून उपाशी उठवू नका यांले. इथं कोणी विसरत नाही. मंग आत माशा मारत बसान."

मॅनेजरने आजूबाजूला पाहिलं. तापलेलं तेल फक्त माझ्या कढईत होतं. तो आला.

"आजी, या सगळ्यांना वाढाल का? कंपनी देईल काय ते."

"वाढतो ना. पण गाडी उद्याही इथंच राहीन, हे बोल आधी."

"राहील."

"मले नको सांगू, बापू. पंगतीले सांग."

त्याने सांगितलं. टाय घातलेला माणूस तीन ओळींसमोर उभा राहून बोलला, की आजीची गाडी इथून हलणार नाही. मग मी बोंडे सोडले. टोपीवाल्या पोरींनी वाढले, मीही रस्सा घेऊन ओळीतून फिरले. मॅनेजर हात जोडून आग्रह करत होता आणि कंपनीचा फोटोवाला खुर्चीवर चढून फोटो काढत राहिला.

वर्षभर बरं गेलं. लोक आत जायला शिकले. वाढदिवस, मुलगी पाहणं, सगळं थंड हवेत. मग त्या मॅनेजरची बदली झाली आणि नवा आला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "गाडी हलवा. कोणी शब्द दिला असेल तर कागद दाखवा."

"कागद नाही. पंगत आहे. विचारा."

तो खरंच विचारायला निघाला. मी मागे मागे गेले.

टेलर मापं घेत होता. म्हणाला, "मी तर त्या दिवशी गावाले गेलो होतो, केनवडले."

बांगडीवाली म्हणाली, "म्या कायले खाली बसू? हॉटेलात काय पंगत असते काय? आमाले समजत नाही का?"

या बाईने त्या दिवशी चार बोंडे खाल्ले आणि दोन पदरात बांधून नेले. आता काटा धरता येऊ लागला, तर ताट घेऊन आल्याची लाज वाटू लागली. माझी जागा गेली तरी चालेल, पण आपण भंडारा समजून बसलो होतो हे नव्या साहेबाला कळता कामा नये.

मी साहेबाला हॉटेलात नेलं. त्या दारातून मी पहिल्यांदाच आत गेले. भिंतीवर कंपनीने तो फोटो हातभर मोठा करून लावला आहे, खाली लिहिलंय 'आपली माणसं'. माझ्या गाडीवरून तो रोज काचेतून दिसतो. टेलर धोतरात, बांगडीवालीच्या तोंडात बोंडा, माझ्या हातात पळी आणि मधोमध हात जोडलेला जुना मॅनेजर.

साहेबाने जवळ जाऊन एकेक चेहरा ताडून पाहिला. बांगडीवाली दारापर्यंत आली होती. म्हणाली, "ते मी नोय. माह्यासारखी दिसते कोनी."

साहेबाने गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. पेठेतले लोक आजही तिथे जातात, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. फोटो काढून टाका म्हणून बांगडीवालीने दोनदा अर्जही दिला आहे. म्हणून रोज सकाळी गाडी लावण्याआधी मी काचेला डोळा लावून तो जागेवर आहे ना, हे पाहून घेते.