आधी द, मग ध

वाचनालयाच्या ताईंना कुजबुजता येत नसे. एखाद्याच्या कानात काही सांगायचं म्हटलं तरी ते समोरच्या केशकर्तनालयात ऐकू जाई. आता अशा बाईने वाचनालयात नोकरी का धरावी, हा प्रश्न त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही पडायचा. पण धरली खरी, आणि ओसाड पडलेल्या त्या दोन खोल्यांना माणसांत आणलं. मुलांचा गोष्टींचा तास, बायकांचं वाचनमंडळ, प्रश्नमंजूषा, जुने रेडिओ दुरुस्त करण्याची दुपार. ताईंना नुसतं निमित्त हवं असे. निमित्त मिळालं की दारातला फळा पुसायचा, खडू घ्यायचा आणि मोठ्या, गोल अक्षरांत कार्यक्रम लिहायचा. अक्षर सुरेख, शुद्धलेखनाच्या नावाने मात्र बोंब.

ती बोंब ऐकणारा एकच माणूस होता. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेले काका. सगळे त्यांना ऱ्हस्वदीर्घकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. रोज सकाळी ते खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचायला येत. आत शिरण्याआधी खिशातून स्वतःचा निळा खडू काढत, फळ्यावरच्या चुकीभोवती गोल करत आणि वर बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहीत. ताईंनी वाचनमंडळाचं ‘उद्धाटन’ केलं तेव्हा काकांनी त्याचं ‘उद्घाटन’ करून दिलं होतं. यावर दोघांत चकार शब्द निघत नसे. ताई मनातल्या मनात चरफडत आणि निळा गोल दुपारपर्यंत तसाच ठेवत.

काकांना वाचनालयात हवी होती फक्त शांतता. ताईंकडे तेवढंच नव्हतं.

एकदा गोष्टींच्या तासाला सगळी पोरं सिंह झाली. काकांनी पेपर खाली ठेवला. “हे वाचनालय आहे की मंडई?”

ताईंच्या जिभेला हाड नव्हतंच. पोरांच्या आयांसमोर त्या कडाडल्या, “एवढा त्रास होतो तर येऊ नका ना!”

काकांनी पेपरची नीट घडी केली, तो जागेवर ठेवला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताईंनी मुद्दाम फळ्यावर ‘कवीता वाचन’ लिहून पाहिलं. असल्या आमिषाला काका हटकून लागले असते. संध्याकाळपर्यंत ‘कवीता’ तशीच राहिली. शेवटी अभिमान गुंडाळून ठेवून त्या काकांच्या घरी गेल्या.

दार सुनेनं उघडलं. हातात सुरी, डोळे लाल, नाक ओढत होती.

“काका आहेत?”

“गेले ते.”

ताईंनी चौकट धरली. “कधी?”

“काल सकाळी. चहा प्यायले, उठले आणि गेले. कुणाला काही बोलले नाहीत.”

“अहो, पण असे अचानक?”

“त्या वाचनालयात काहीतरी झालं म्हणे. तेव्हापासून गप्पच होते. मनाला लावून घेतलं त्यांनी.” सुनेनं मनगटानं डोळे पुसले. “खरं सांगू? त्यांना बरं वाटेल आता. आणि आम्हालाही जरा मोकळं वाटतंय.”

आत दूध उतू गेलं, सून धावली. ताई जिन्यावरून खाली कशा आल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सुनेच्या हातात कांद्याची सुरी होती हे त्यांनी पाहिलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. मनाला लावून घेतलं. म्हणजे आपणच घालवलं. माणूस गेला, आणि आपण त्याला शेवटचं काय म्हणालो, तर येऊ नका.

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘आपल्या लाडक्या काकांना श्रध्दांजली. आज संध्याकाळी. सर्वांनी यावे.’

आणि सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या. घरचं कुणीच दिसेना, तेव्हा ताईंनी मनात सुनेचा उद्धार केला. काकांच्या खुर्चीवर फुलदाणी ठेवली होती. शिंपीणबाई उठल्या. “माझ्या पाटीवर ‘शीलाई’ होतं. त्यांनी सांगितलं तेव्हा मी भांडले. मग गुपचूप पाटी बदलली. त्यांनी बघितलं आणि नुसती मान हलवली हो.” त्या पदराने डोळे टिपत खाली बसल्या. पोस्टमन म्हणाला, काका पाकिटावरचा पत्तासुद्धा तपासून द्यायचे.

मग ताई उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. “मी त्यांना येऊ नका म्हणाले. ते आले नाहीत. माझं चुकलं.” एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

माना खाली गेल्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग दाराबाहेरून आवाज आला. खर्र. खर्र. फळ्यावर खडू चालत होता.

शिंपीणबाईंनी पोस्टमनचा हात घट्ट धरला. ताई भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेल्या.

खांद्याला पिशवी लावलेले काका ‘श्रध्दांजली’भोवती निळा गोल काढत होते.

“आधी द, मग ध,” ते वळूनही न बघता म्हणाले. “कितीदा सांगायचं?”

ताईंच्या तोंडातून कसंबसं निघालं, “काका, तुम्ही... सून म्हणाली, गेले.”

“गेलो होतो. लेकीकडे. आत्ताच गाडीतून उतरलो. येऊ नका म्हणाला होतात, पण पुस्तक परत करायला तरी यायला हवं ना! वाक्य बरोबरच आहे तिचं.”

“वाचलंत ना तुम्ही? फळ्यावरचं?”

“तपासलं.”

“वाचा.”

काकांनी चष्मा सारखा केला. जन्मभर या माणसाने अक्षरं पाहिली होती, मजकुराकडे लक्षच दिलं नव्हतं. आता ते एकेक शब्द वाचत गेले. ‘काकांना’पाशी थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. निळा खडू हातातून पडला आणि त्याचे तुकडे झाले.

“हे मी?” ते म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता.

ताईंनी त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं. अख्खी खोली आ वासून उभी. कुणी हललं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. काकांनी भरलेल्या खुर्च्या पाहिल्या, शिंपीणबाईंचे सुजलेले डोळे पाहिले, आपल्या खुर्चीवरची फुलं पाहिली. जी शांतता त्यांनी इतकी वर्षं मागितली होती, ती अशी समोर येऊन उभी होती.

त्यांचे ओठ हलले. “अहो,” ते घाबरून म्हणाले, “कुणीतरी बोला हो.”

तेव्हा कुठे ताईंना कंठ फुटला. “काका, आलात!” त्या अशा ओरडल्या की केशकर्तनालयातली माणसं रस्त्यावर आली.

काकांनी फुलदाणी खाली ठेवली, ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पुन्हा म्हणा.”