विलासने सोडलेली शेवटची रांग

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, आमचा विलास कब्रस्तानं करायचा. नागपुरातल्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं शिकवलं. मग तो आपल्या गावी, नाचणगावला राहायला गेला आणि जुन्या थडग्यांवरची नावं वहीत उतरवून, फोटो काढून इंटरनेटवर टाकायचं फुकटचं काम त्याने अंगावर घेतलं. माझा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, पण कुठल्याशा गोऱ्या इंजिन ड्रायव्हरची पुण्यतिथी तोंडपाठ!

"एकच रांग उरली बावा, तू येजो," असा त्याचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी म्हटलं, "अरे, ती मंडळी कुठं पळून चाललीत?" पळाला तो. पावसाळ्यात, झोपेतच गेला. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी ती रांग पुरी करायला निघालो.

नागपूरहून पहाटेची गाडी पकडा, म्हणजे पुलगावला कोवळं ऊन मिळतं. स्टेशनबाहेर तर्री पोहे खा. तर्री "थोडी" मागितली तरी पोहे बुडतातच. नाचणगावला ऑटो वीस रुपयांत नेतो, फक्त तो भरेपर्यंत मुकाट बसायचं.

विलासच्या घरी जयभीम झाला. वंदनावहिनींनी वही, मऊ ब्रश आणि हातात धरायचा आरसा पुढे ठेवला.

"तुमी तं त्याइले लय हसत होते, भाऊजी. आता काऊन चालले?"

"एक रांग उरलीय ना."

"मंग जेवाले येजा," म्हणून त्या वळल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

इंग्रजांच्या काळातली दफनभूमी गावाबाहेर, बाभळींच्या आड. तिथे झाडलोट करणाऱ्या मंदाबाईंनी फाटक उघडलं. जाणार असाल तर सकाळीच जा. अक्षरं झिजलेली असली तरी आरशाने तिरपा उजेड टाकला की वर येतात. खडू घासायचा नाही, दगड खराब होतो. जन्मभर खडूवर जगलेल्या माणसाने घातलेला हा दंडक!

वहीत लिहिलं होतं, "सातवी रांग बाकी." मी फाटकापासून सात रांगा मोजल्या आणि मोठ्या ऐटीत कामाला लागलो. अकरा दगड झाले, कंबर धरली, तेव्हा मंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "सायेब, हे रांग तं सरनं कवाच केली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"मले वाटलं, तपासून राह्यले. सर तिकून मोजत, मांगच्या कडुलिंबापासून."

बरोबर! वर्गातही तो मागच्या बाकापासूनच हजेरी घ्यायचा. वही उलटून त्याच्या नोंदी पाहिल्या, तर माझ्या अकरांत चार चुका निघाल्या. मेल्यावरही माझे पेपर तपासतोय, असं म्हणून मी मोठ्याने हसलो. मंदाबाई काही हसल्या नाहीत.

रांगा एकूण आठ; कडुलिंबापासून सातवी म्हणजे फाटकापासून दुसरी. सकाळी ती नुसती मोजून पुढे गेलो होतो, गवतात दडलेले दगड नीट पाहिलेच नव्हते. हातभरही उंच नव्हते. सात होते. पहिल्यावर आरसा धरला. वय अकरा दिवस. दुसऱ्यावर सव्वा वर्ष. सगळी लेकरंच.

मंदाबाई शेजारी येऊन बसल्या. "सर तीन-चार खेपा इथं बसले. वही उघडत, अन् मिटत. म्हणे, मोठ्याइचे नावं लिहून होते, लेकराइचे मले एकट्यानं लिहिवत नाई. माहा मित्र येनार हाय, मंग करू."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग मंदाबाईंनी आरसा धरला, मी एकेक नाव मोठ्याने वाचून लिहिलं. दुपार झाली तेव्हा वहिनींकडे पिठलं-भाकरी वाट पाहत होती. वही परत द्यायला गेलो तर त्यांनी ती माझ्याच पिशवीत घातली.

रात्री नागपूरला पोचलो. वर्धा स्टेशनवर घेतलेली गोरसपाक बिस्किटं घरच्यांनी दहा मिनिटांत संपवली. रविवारी नोंदी वेबसाइटवर चढवल्या. सातही नावं दोनदा तपासली. काम पुरं झालं, हे खरं. पण विलासला मदतनीस कधी नकोच होता, शेजारी बसायला कुणीतरी हवं होतं. ते त्याने मला तीनदा मागितलं, आणि मी तिन्ही वेळा विनोद केला.