फाटकावरचा प्रश्न

मी रागीट माणूस आहे. आमचं कुलदैवत नरसिंह. आमची ही म्हणते, देवाचं बाकी काही तुमच्यात आलं नाही, तेवढं एक आलं. पण ज्या दिवसाबद्दल लिहितोय, त्या सुमारास माझा राग देवावरच होता. झाशीच्या लोकोशेडमध्ये उभी हयात काढली, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि हौसेनं एक लोबेड ट्रेलर घेतला. अवजड यंत्रं वाहून नेणारा, लांबलचक, जमिनीलगतचा. त्याच्या पुढच्या इंजिनाला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. तर तो घोडा वर्षाच्या आत तीनदा रस्त्यात बसला. कधी क्लच, कधी ब्रेकच्या हवेचा पाइप. दर वेळी मी देवघरासमोर उभा राहून देवाला फैलावर घ्यायचो. शेवटी नमस्कारच बंद केला. तू तुझ्या घरी, मी माझ्या!

त्यात लोकांचे प्रश्न. दतिया गेटला भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी गाठायचंच. मायलेज किती देतो? चाकं किती? ड्रायव्हर टिकतो का? येताना माल मिळतो की रिकामा आणता? हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा हिला विचारायच्या, परमिट कुठपर्यंतचं आहे म्हणून. अरे, तुम्हाला घ्यायचाय का ट्रेलर? नाही ना? मग कशाला नसत्या चौकशा! उत्तरं मी द्यायचो, पण तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या दिवशी पोकलेन मशीन लादून आम्ही मऊरानीपुरच्या पुढे निघालो होतो. चालवायला रामऔतार, माझा पहिल्यापासूनचा ड्रायव्हर, आणि शेजारी मी. नेहमीचा रस्ता खणलेला, म्हणून आडरस्त्यानं जावं लागलं. तिथे रेल्वेचं फाटक आलं. उघडंच होतं. आम्ही रुळांवर चढणार, तोच म्हातारा गेटमन लाल झेंडी घेऊन आडवा आला.

"काए भैया, कितेक भारी है? कितने पहिया?"

म्हटलं, झालं, इथेही सुटका नाही! दात खात सांगितलं.

"और पेट जमीन से कितेक ऊँचो है?"

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणून तर जास्तच भडकलो. खिडकीतून ओरडलो, "सारी उमर रेल में निकाली है मैंने! मुझे फाटक सिखाओगे?" आणि रामऔतारला म्हणालो, चढ़ाओ गाड़ी. त्यानं गिअर टाकला. म्हातारा जागचा हलला नाही. बंपरला छाती लावून म्हणाला, "पैले नाप लो, फिर गरिया लियो." आधी मोजा, शिव्या मग द्या म्हणे!

त्याला खोटं पाडायचंच म्हणून मी खाली उतरलो. त्याच्या हातातली झेंडीची काठी हिसकावली, ट्रेलरखाली वाकलो, पोटाच्या उंचीवर अंगठा धरला. मग त्यानं दोरी आणली, ट्रेलरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढी मोजून घेतली. काठीवरच्या खुणेइतक्या उंचीवर एक टोक रुळांच्या अलीकडे रामऔतारनं धरलं, दुसरं पलीकडे म्हाताऱ्यानं. रस्ता रुळांपाशी उंटाच्या पाठीसारखा वर आला होता. दोरी ताणली आणि ती मध्ये रुळांवर टेकली. म्हणजे चाकं दोन्हीकडे आणि पोट रुळांवर अडकलेलं. मी काठी त्याच्या हातात परत दिली.

तेवढ्यात फाटकाशेजारच्या त्याच्या खोलीतला फोन वाजला. म्हाताऱ्यानं आम्हाला मागे हटवलं, फाटक पाडलं, आणि थोड्या वेळानं गाडी धडधडत गेली. डब्यांच्या खिडक्यांत माणसं बसलेली दिसली, एक बाई मुलाला भरवत होती. मी रेल्वेतला, मी आजूबाजूला नीट पाहिलं. ते फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं, म्हणजे फाटकात काही अडकलं तरी गाडीला लाल सिग्नल मिळणार नव्हता. आम्ही अडकलो असतो तर झेंडी घेऊन धावणारा हा एकटा म्हातारा.

रामऔतार माझ्याकडे बघत म्हणाला, "बाबूजी, हम तो आपके भरोसे चढ़ा देते."

त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला सहन झालं नाही. तिथेच रस्त्याकडेला बसलो आणि रडलो. म्हाताऱ्याच्या पाया पडायला गेलो, तर तो आमच्यावर खेकसला, "अब हटाओ जा गाड़ी, रस्ता छोड़ो!" आणि सपाट रस्त्याचं दुसरं फाटक कुठे आहे ते सांगून खोलीत गेला.

परतीला मी एरचच्या, म्हणजे प्रल्हाद-नरसिंहाचं म्हणतात त्या गावाच्या, फाट्यावर उतरलो नाही, नवसही बोललो नाही. घरी येऊन हातपाय धुतले आणि देवघरासमोर बसलो. ही दारात उभी होती, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. मी नमस्कार केला. भांडायला पुष्कळ होतं, पण माझं डोकं टेकलेलं होतं. एवढंच म्हणालो, "देवा, मला विचारत जा. मी ओरडलो तरी विचारत जा."

ही पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग मीही विचारते. जेवलात का?"

सकाळपासून जेवलो नव्हतो. मी चिडलो नाही, तसं सांगितलं, आणि पानावर जाऊन बसलो.