बसून ऐकायचा बँड

अख्खं आयुष्य उलटं चालण्यात घालवलेला माणूस राहुरी तालुक्यात एकच, तो म्हणजे आमचे धाकटे मामा. मामा बँडमास्तर. वरातीच्या पुढे, तोंड आपल्या वाजंत्र्यांकडे आणि पाठ रस्त्याकडे करून, क्लॅरिनेट फुंकत ते मागे मागे सरकत जायचे. गटारं, खड्डे, झोपलेली कुत्री, सगळं त्यांच्या टाचांना पाठ होतं. आणि कान इतका तिखट की मामीच्या कुकरची शिट्टी उतरलेली वाटली तर भरल्या ताटावरून उठत. एकदा शेजारच्या गल्लीत मयत झाली म्हणून आम्ही भेटायला गेलो. तिथल्या आजींनी हंबरडा फोडताच मामा माझ्या कानात कुजबुजले, "पट्टी लई वर धरली. पोचायच्या न्हाईत." आणि खरंच आजींचा आवाज मध्येच फाटला. मी तोंडावर रुमाल धरून बसलो, लोकांना वाटलं मलाही गहिवरून आलं.

मामांचं दुःख मात्र एकच होतं. इतकी वर्षं वाजवलं, पण त्यांचा बँड कुणी बसून ऐकला नव्हता. लोक नाचले, फेटे उडवले, घोड्यामागे धावले; बसलं कुणी नाही. त्यात आता डीजेने धंदा खाल्लेला. दसरा झाला की निम्मे वाजंत्री ऊसतोडीला जाणार आणि बँड मोडणार, हे दिसतच होतं. तेव्हा मामांनी हट्टच धरला. मोडायच्या आधी एक मैफल करायची. "लोकं खुर्चीवर बसल्याली बघायचीत मला. एकदा तरी."

चातुर्मासात मंगल कार्यालय रिकामंच असतं. मालकाने ते जुन्या ओळखीखातर दिलं. आधी जॅझ, मग ढोलकीचा नाचरा ठेका आणि शेवटी मारवा, असा बेत होता. जॅझ मामांनी मोबाईलवर ऐकून बसवला होता. "ती जॅझवाली बी आपल्यासारखीच मिरवनुकीतली मान्सं," असं त्यांचं मत. जीव मात्र मारव्यात. मारवाच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मारव्यावर नाचता येत न्हाई कुनाला. बसावंच लागतं."

गावाने गर्दी केली. कार्यालय म्हटल्यावर दोघा-तिघांनी पंगतीची चौकशी केली, ते सोडा. जॅझ सुरू झाला. सॅक्सोफोनवाल्याने असा सूर ओढला की शेंगा फोडणारे हात थांबले. माणसं चक्क बसली होती! मामांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. मग ढोलकीवर थाप पडली आणि घात झाला. बिचाऱ्या वाजंत्र्यांचा दोष नाही. ठेका धरला की पाय उचलायचा, हीच त्यांची तालीम. आधी ढोलकीवाला उठला, मग ट्रंपेटवाला, मग सगळेच. वाजवत वाजवत ते स्टेज उतरले आणि मधल्या वाटेने दाराकडे निघाले. वरात निघाल्यावर लोक मागे राहतात होय? "बसा! आरं बसा रे!" मामा ओरडत होते, पण बँडपुढे ओरडणं कुणाला ऐकू जाणार? बघता बघता कार्यालय ओस पडलं.

वरात मारुतीच्या देवळापाशी पांगली. ढोलकीवाला तेवढा घामाघूम होऊन परत आला आणि मामांच्या पाया पडला. "मास्तर, लई झ्याक झाला कारेक्रम! शेवट असाच पायजे हुता."

"व्हय," मामा म्हणाले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो गेला. उरलो मामा, मी आणि रिकाम्या खुर्च्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मामा, मारवा राहिला," आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

मामांनी स्टेजवरच्या खुर्चीत बसून क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पण सूर धरेना. पुन्हा पुन्हा थांबले. बसून वाजवायची सवय त्यांना तरी कुठे होती? शेवटी ते उठले, खाली उतरले आणि माझ्याकडे तोंड करून मधल्या वाटेने मागे मागे चालू लागले. तेव्हा कुठे सूर लागला. मी खुर्ची वळवून घेतली. मामा लांब जात होते आणि मारवा बारीक होत होता. दाराशी पोचल्यावर त्यांनी क्लॅरिनेट जरा बाजूला केलं. संपलं असं वाटून मी उठू लागलो.

"बस," मामा म्हणाले. "अजून हाय."