बोरगावहून परत येणारी टाकी

यशवंतअण्णांनी माझी मुलाखत घेतली ती जवळजवळ काहीच न विचारता. माझ्या आईवडिलांची हयात निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत गेलेली. मी घरातली पहिली मॅट्रिक. लग्नानंतर बेळगावात येऊन पत्रव्यवहाराचे काम शोधत होते. शहापूरच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचा कारखाना होता. ते भट्टीसमोर घामाघूम उभे होते. माझा अर्ज त्यांनी न वाचताच खिशात घातला आणि मोटारसायकलची एक काळी टाकी माझ्या हातात दिली. जड असेल म्हणून मी जोर लावून उचलली आणि तोल जाऊन मागे सरकले.

"काय झालं?"

"हलकी आहे की!"

"झालं तर मग. गिऱ्हाइकांना हेच लिहायचं, खरं चांगल्या अक्षरात. उद्यापासून ये." अण्णांच्या बोलण्यात 'खरं' म्हणजे 'पण'.

अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे ठरले, तेव्हा अण्णांनी मला बोलावून एक अट घातली. "कौतुक लिवतीस ते लिव. खरं कल्लाप्पाचं बी लिव. ते गाळलंस तर हे पुस्तक मी घरात घेणार न्हाय." मी म्हणाले, "अण्णा, असल्या ग्रंथात असे लिहीत नाहीत." ते म्हणाले, "म्हणून तर तुला सांगतोय." म्हणून हा लेख थोडा वेगळा झाला आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

अण्णांच्या कामाविषयी आधी सांगते. सुरुवातीला ते निपाणी भागातल्या शेतकऱ्यांसाठी फवारणीच्या पंपाच्या प्लास्टिकच्या टाक्या करत. पत्र्याच्या साच्यात प्लास्टिकची भुकटी घालायची आणि साचा विस्तवावर सगळ्या बाजूंनी फिरवत राहायचे. भुकटी वितळून साच्याच्या अंगाला आतून चिकटते आणि टाकी तयार होते. उचगाव, कंग्राळीचे दूधवाले मोटारसायकलवरून शहरात दूध घालत. पावसात त्यांच्या लोखंडी टाक्या गंजत, गंजाचे पोपडे पेट्रोलबरोबर इंजिनात जात आणि भल्या सकाळी गाडी रस्त्यात बंद पडे. दूध नासे. एका दूधवाल्याने गमतीने विचारले, "अण्णा, औषधाची टाकी करतासा, मग पेट्रोलची का न्हाय?" अण्णांनी ते गमतीवारी नेले नाही.

टाकी झाली, गंज टळला. अडले ते रंगावर. काळी टाकी कुणालाच नको होती. दसऱ्याला गाडीला हार घालायचा तो काळ्या टाकीवर? लाल हवी, निळी हवी. आणि रंग दिला की काही महिन्यांत त्याला फोड येत. अण्णा त्या फोडांमागे अक्षरशः वर्षभर लागले. त्यांनी शोधून काढले की टाकी कुठेही गळत नसली तरी पेट्रोलची वाफ प्लास्टिकच्या अंगातून हळूहळू बाहेर येतच असते. उघड्या टाकीवरून ती हवेत निघून जाते. रंगलेल्या टाकीवर तिला वाट मिळत नाही, मग ती रंगालाच उचलते. यावर उपाय म्हणून त्यांनी टाकीच्या आत घट्ट राळेसारखे लेपण ओतून, टाकी लोळवून, सगळीकडून अस्तर बसवले. वाफ आतच अडली. पहिली अस्तराची टाकी त्यांनी स्वतःच्या गाडीला लावली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला तरी रंग जागचा हलला नाही.

हे अस्तर लावायचे आणि वर रंग द्यायचा, ही दोन्ही कामे कल्लाप्पा पेंटर करत. ते मूळ बोरगावचे. अण्णांचे तरुणपणापासूनचे मित्र. बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवत रंगवत ते आमच्या मागच्या शेडमध्ये आले होते. रंग ते स्प्रे गनने मारत, पण शेवटची सोनेरी रेघ मात्र ब्रशने, हाताने ओढत. टाकीच्या पोटावरून एका दमात. रेघ ओढताना ते श्वास घेत नसत, आणि बघणारे आम्हीही घेत नसू. रेघ पुरी झाली की अण्णा म्हणायचे, "घे रं श्वास, मरशील." कल्लाप्पा म्हणायचे, "तुझ्या टाकीपायी न्हाय मरायचा मी."

अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांची एक रीत होती. आपल्याकडे कुणालाही भांडे रिकामे देत नाहीत. डबा परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालतात. टाकी हेही भांडेच. ती आमच्या शेडमधून कल्लाप्पांकडे निघाली की वहिनी तिला कुंकू लावत आणि आत पेलाभर पेट्रोल ओतत. "भरलेली राहू दे गं बाई," असे टाकीला म्हणत. कल्लाप्पा ते पेट्रोल ओतून घेऊन ब्रश धुवायला वापरत आणि त्याला "वहिनींचा प्रसाद" म्हणत. आम्हा सगळ्यांना हे कौतुकाचे वाटे.

त्या वर्षी दसऱ्यासाठी अस्तराच्या पुष्कळ टाक्या गेल्या. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी उचगावचे दूधवाले गाड्या घेऊन अंगणात येऊन उभे राहिले. नव्याकोऱ्या लाल टाक्यांवर वाटाण्याएवढाले फोड.

"अण्णा, टाकीला देवी आल्या की हो!" एकजण म्हणाला.

"लिंबाचा पाला बांधू काय?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. "उद्या पूजा कुणाची करायची, गाडीची का फोडाची?"

अण्णांचा चेहरा मी तेवढा पडलेला कधी पाहिला नव्हता. त्यांची स्वतःची गाडी तिथेच उभी होती, टाकी काचेसारखी गुळगुळीत. अस्तर तेच, रंग तोच. मग दोष कुठे? गर्दीत मागे कल्लाप्पा उभे होते. अण्णा त्यांच्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या हाताला घाम सुटतोय, कल्लाप्पा. हात म्हातारा झाला तुझा."

कल्लाप्पांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "व्हय? बरं." मागे जाऊन त्यांनी आपले ब्रश फडक्यात गुंडाळले आणि ते बोरगावची गाडी पकडायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा झाली. भट्टीच्या सांडशीपासून माझ्या टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना फूल मिळाले. ब्रशांची जागा रिकामी होती.

पुढे कंग्राळीचा भरमा पेंटर कामाला आला. माणूस लाख, पण हात जड. त्याने रंग दिला की त्याचे ओघळ यायचे. त्याच सुमारास पेट्रोलची मोठी टंचाई झाली. पंपांवर रांगा, आणि आमच्याकडे थेंब नाही. टाकी रिकामी कशी द्यायची म्हणून वहिनींनी पेट्रोलऐवजी मूठभर तांदूळ घालायला सुरुवात केली. भरमा ते ओतून घरी न्यायचा. म्हणायचा, "वहिनी, अजून दोन टाक्या झाल्या की भात व्हतोय बघा."

त्या टाक्या उन्हाळ्यानंतर किरकोळ दुरुस्तीला परत आल्या. अण्णा एकेकीवरून हात फिरवत होते. ओघळ होते, रेघ वाकडी होती. फोड मात्र एकही नव्हता. मी बाजूला उभी होते. फिरता फिरता त्यांचा हात थांबला. त्यांनी वहिनींना हाक मारली आणि अगदी हळू विचारले, "माझ्या गाडीच्या टाकीत तू पेट्रोल घातलंवतंस काय, कल्लाप्पाकडं देताना?"

"न्हाय. ती आपल्या घरचीच न्हवं? कुणाला द्यायची व्हती?"

अण्णांना सगळे उमगले. अस्तर बसायच्या आधीच पेलाभर पेट्रोल प्लास्टिकच्या अंगात मुरत होते. मुरलेल्या अंगावर अस्तर धरत नव्हते आणि मुरलेली वाफ रंगाखालून वर येत होती. जी गोष्ट आम्ही सगळे रोज कौतुकाने बघत होतो तीच आम्हाला दिसली नव्हती.

वहिनी रडायला लागल्या. "माझ्या शकुनानं घात केला." अण्णा म्हणाले, "तू चांगलं मनात धरून घातलंस. वाईट बोललो ते मी." त्यानंतर त्या पेलाभर पेट्रोलावरून वहिनींना कुणी चेष्टेनेही बोललेले अण्णांनी खपवून घेतले नाही. मला मात्र एकदा म्हणाले, "बायकोला सांभाळून घ्यायची अक्कल मला व्हती गं. मित्राच्या वेळी कुठं गेलती?"

पुढे अण्णांनी जे केले त्यामुळे मला ते मोठे वाटतात. उचगावच्या दूधवाल्यांना त्यांनी पुन्हा त्याच अंगणात बोलावले आणि उभे राहून सांगितले की चूक आमच्या घरची होती, पेंटरचा हात चोख होता. फोड आलेल्या टाक्या बदलून दिल्या. रंगाआधी टाकीला पेट्रोलचा वासही लागता कामा नये, हा नियम केला. तेव्हापासून रंगाला जाणाऱ्या प्रत्येक टाकीच्या तोंडाशी ते स्वतः नाक लावतात. वापरलेली टाकी कुणी रंगवायला आणली, तर झाकण काढून ती वास जाईपर्यंत उन्हावाऱ्यात ठेवायला लावतात, आणि तरी शेवटी म्हणतात, "काळीच छान दिसतीया. ऱ्हाऊ दे." हे सगळे त्यांनी कोल्हापूरकडच्या दुसऱ्या कारखानदारांनाही मोकळेपणाने सांगितले. "धंद्याचं गुपित असं का वाटता?" असे मी विचारले, तर म्हणाले, "कुणाचा तरी कल्लाप्पा वाचंल."

त्यांच्या मायेविषयी किती लिहावे? माझी पहिली कथा छापून आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कामगारांना गोल बसवून अण्णांनी ती मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लई चांगली हाय. खरं मोटारसायकल एकबी न्हाय." माझी मुलगी लहान होती तेव्हा भट्टीपासून लांब, माझ्या टेबलाशेजारी पाळणा त्यांनीच बांधून दिला.

ते बोरगावलाही गेले होते. चूक कळली त्याच आठवड्यात. कल्लाप्पांनी चहा दिला, पावसाचे, तंबाखूचे बोलले. अण्णांनी विषय काढला की ते म्हणत, "ते जाऊ दे." आणि तो विषय काही गेला नाही. तेव्हापासून दर दसऱ्याआधी अण्णा पेट्रोल न लागलेली, अस्तर बसवलेली एक नवी टाकी बोरगावला पाठवतात. निरोप एकच, "एक रेघ ओढून दे." टाकी दर वेळी परत येते. बिनरंगाची, आणि रिकामी. आपल्या भागात भांडे रिकामे परत येणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

या वर्षी टाकी आणि साठीचे आमंत्रण घेऊन मी स्वतः गेले. कल्लाप्पा ओसरीवर बसले होते. मी टाकी पुढे ठेवली.

"आलीस काय रंगवून घ्यायला?" ते म्हणाले. "बस. अण्णा बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत. तुमची वाट बघतात."

"अण्णाला सांग, राग कवाच गेला. तुझ्या अण्णाएवढा राग धरायला मला जमत न्हाय." ते थोडे हसले. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो एकसारखा थरथरत होता. "तवा घाम सुटत न्हवता, सुमन. आता रेघ वडायला हात उभा ऱ्हात न्हाय. टाकी परत पाठवतोय ती यापायी. त्याला वाटतंय, मी रुसलोय. वाटू दे म्हटलं. हात गेला म्हणून सांगण्यापरीस रुसलेला बरा."

"मग आज मला का सांगितलंत?"

"साठी झाली की त्याची. अजून किती दिस टाक्या पाठवंल?"

त्यांच्या पत्नी रत्नाक्का दारात उभ्या होत्या. त्या टाकी आत घेऊन गेल्या. निघताना ती माझ्या हातात दिली तेव्हा आत काहीतरी खुळखुळत होते.

बेळगावला येऊन मी अण्णांना सगळे सांगितले. हाताचेही. अण्णांनी रागात म्हटलेले खोटे इतक्या वर्षांनी खरे होऊन समोर यावे, याला काय म्हणायचे? दोघांच्या मधली चांगली वर्षे अशीच गेली. ती रेघ आता कुणीच ओढणार नाही. मग त्यांनी टाकी उचलली, उलटी केली आणि हलवली. तोंड लहान, म्हणून एकेक करून भुईमुगाच्या शेंगा त्यांच्या तळहातावर पडल्या.

"रिकामी न्हाय आली गं," ते म्हणाले.

वहिनींनी विचारले, "आता परत देताना काय घालायचं तिच्यात?"

अण्णा म्हणाले, "ते बघू. या खेपेला मी घेऊन जातोय."

अण्णा, तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि तुम्हाला पुष्कळ आयुष्य लाभो, असे आम्ही सगळे मनापासून म्हणतो. माझ्या मनात तेवढेच आयुष्य बोरगावच्या एका ओसरीसाठीही आहे. ती बिनरेघेची काळी टाकी बेळगाव आणि बोरगावच्या मध्ये अजून पुष्कळ वर्षे ये-जा करत राहो, आणि कोणत्याही बाजूने ती रिकामी न येवो.